बुधवारचा वर्ग: पाबळ ते लिमा

हिवाळ्यात बॉस्टनमध्ये बुधवारी सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात आणि जपानात रात्रीचे अकरा. पेरूतल्या लिमात मात्र घड्याळ बॉस्टनबरोबरच चालतं. या एकाच क्षणी जगभरच्या कार्यशाळांमध्ये, वस्तू घडवायला शिकवणाऱ्या फॅब अकॅडमीचा वर्ग भरतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिका आपली घड्याळं तासभर पुढे ढकलते, की आपला वर्ग साडेसहावर येतो. युरोपातली घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी सरकतात. मधल्या दोन-तीन आठवड्यांत कोणी तासभर आधी येऊन बसतो, कोणी तास संपताना उगवतो. वेळापत्रक करणाऱ्याला हाताशी पंचांगच ठेवावं लागत असेल.

वस्तू कशी कल्पावी आणि कशी घडवावी, हे मैलोन्‌मैल पसरलेल्या लोकांना एकत्र शिकवता येतं का? हा प्रश्न आता जुना झाला आहे आणि त्याचं उत्तर 'हो' असंच आहे. कशाच्या आधारावर येतं, याबद्दल मात्र आपल्याकडे बराच गोंधळ दिसतो. तो थोडा निस्तरावा म्हणून हा लेख.

पुस्तक घरी येणं वेगळं

दूरशिक्षण मराठी माणसाला नवं नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९चं आहे. शेतावर, दुकानात, पोलीस चौकीत नोकरी करता करता पदवी घेतलेली माणसं आपल्या ओळखीत असतात. पुस्तक घरी येतं, आपण वाचतो, अभ्यासकेंद्रावर जाऊन परीक्षा देतो. इतिहास किंवा वाणिज्य असं शिकता येतं.

खुर्ची करायला असं शिकता येत नाही. सर्किट बोर्ड किंवा साचाही नाही. त्यासाठी हातात वस्तू लागते, ती कापणारं यंत्र लागतं, आणि शेजारच्याची वस्तू का मोडली हे डोळ्यांनी बघावं लागतं. सुताराच्या पोराला सुतारकाम येतं ते बापाच्या व्याख्यानामुळे येत नाही. फळ्या उचलून देता देता येतं. म्हणून इथे विद्यार्थ्याला घरी बसवून पडद्यावर शिक्षक दाखवणं पुरत नाही. कार्यशाळाच अनेक ठिकाणी उभ्या कराव्या लागतात आणि त्या एकमेकींना जोडाव्या लागतात. ऐकायला खर्चिक वाटतं, आणि ते खर्चिक आहेच.

एमआयटीतून थेट पाबळला

नील गेर्शनफेल्ड या भौतिकशास्त्रज्ञाने १९९८ साली बॉस्टनशेजारच्या एमआयटीत '(जवळजवळ) काहीही कसं बनवावं' अशा अर्थाच्या नावाचा एक अभ्यासक्रम सुरू केला. थोड्या संशोधक विद्यार्थ्यांना संगणकावर चालणारी यंत्रं वापरायला शिकवावी, एवढाच बेत होता. प्रत्यक्षात वास्तुकला आणि कलेचे विद्यार्थीसुद्धा रांग लावून उभे राहिले. २००१ साली एमआयटीत 'सेंटर फॉर बिट्स अँड अॅटम्स' स्थापन झालं आणि या अभ्यासक्रमाची कार्यशाळा बाहेर कुठे तरी उभी करून बघावी, असं ठरलं.

एमआयटीबाहेरची अशी पहिली कार्यशाळा, म्हणजे फॅब लॅब, उभी राहिली ती २००२ साली पाबळला. पुणे जिल्हा, तालुका शिरूर. मस्तानीची समाधी जिथे आहे तेच हे पाबळ. हे गाव कोणी नकाशावर बोट ठेवून निवडलेलं नव्हतं. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्तान लीव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून तिथे गेले होते आणि १९८३ साली त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला होता. दुष्काळी, साधंसुधं गाव हवं, म्हणजे तिथे जमलं तर कुठेही जमेल, असा त्यांचा हिशोब होता. शाळेत नापास झालेली, शाळा सोडलेली मुलं तिथे वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती, पशुपालन यांतून विज्ञान शिकत होती. म्हणजे अमेरिकेची यंत्रं आली तेव्हा त्यांना हात लावायला धजावणारी पोरं तिथे आधीच तयार होती. या क्रमाला माझ्या लेखी फार महत्त्व आहे. पाबळमध्ये आधी शिकवणारा माणूस आला आणि लेझर कटर त्याच्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी आला.

पुढे लॅब वाढत गेल्या आणि एक नवीच अडचण उभी राहिली. कोपऱ्याकोपऱ्यातल्या लॅबमध्ये एखाद-दुसरं पोर इतकं तरबेज व्हायचं, की त्याला पुढे शिकवणारं गावात कोणी उरायचं नाही. प्रत्येकाला बॉस्टनला पाठवणं शक्य नव्हतं. त्यातून २००९ साली फॅब अकॅडमी निघाली. त्याच वर्षी फॅब लॅबवाल्यांची पाचवी आंतरराष्ट्रीय परिषद पुण्यात भरली होती. आज जगात शंभराहून अधिक देशांत मिळून दोन हजारांवर फॅब लॅब आहेत.

एकच अवजारपेटी, तरी खाच सैल

या जाळ्याचा पहिला नियम म्हणजे सगळीकडे साधारण सारखी यंत्रं. लेझर कटर, व्हिनाइल कटर, थ्रीडी प्रिंटर, प्लायच्या मोठ्या फळ्या कापणारा राउटर, सर्किट बोर्ड कोरणारं छोटं यंत्र, सोल्डरिंगचं टेबल. लिमात काढलेलं डिझाइन पुण्यात कापता यावं, हा त्यामागचा हेतू. पण सारखी यंत्रं आणली म्हणजे सारखी वस्तू निघेल, या भ्रमातून विद्यार्थ्याला पहिल्या काही आठवड्यांतच बाहेर काढतात. ते कसं, हे जरा जवळून बघू.

काम साधं असतं. तीन मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्याचे किंवा प्लायचे तुकडे लेझरने कापायचे, त्यांना खाचा ठेवायच्या आणि गोंद-खिळा न लावता ते एकमेकांत अडकवायचे. विद्यार्थी संगणकावर तीन मिलिमीटरची खाच काढतो, कापतो, तुकडे जोडतो. सगळं डुगडुगतं.

करवतीने फळी कापली की भुसा पडतो. तो भुसा म्हणजे फळीतून वजा झालेली जाडी, आणि सुतार ती मनात धरूनच रेघ मारतो. लेझरचा भुसा दिसत नाही, तो धूर होऊन जातो, म्हणून नवशिका तो विसरतो. मग लॅबमधल्या सगळ्यांनी मिळून तो मोजायचा असतो. शंभर मिलिमीटरचा चौकोन काढायचा आणि तो दहा-दहा मिलिमीटरच्या दहा पट्ट्यांत कापायचा. कापलेल्या पट्ट्या पुन्हा एकमेकींना घट्ट खेटवून ठेवायच्या आणि व्हर्नियरने एकूण रुंदी मोजायची. समजा ९८.२ भरली. म्हणजे १.८ मिलिमीटर धुरात गेलं. दहाने भागलं की एका कापामागे ०.१८. आता तीनची खाच बसवायची तर संगणकावर २.८२ची काढायला हवी.

कथा इथे संपत नाही. प्लायवुडच्या दुकानात 'तीन एमएम' म्हणून मिळणारी फळी मोजा. एका कोपऱ्यात २.८ भरेल, दुसऱ्यात ३.१. पावसाळ्यात रत्नागिरीला ती आणखी फुगेल. कोणाच्या लेझरची भिंगं मळलेली असतील, कोणाची नळी जुनी असेल. त्यामुळे एका लॅबने काढलेला २.८२ हा आकडा दुसऱ्या लॅबच्या काहीच कामाचा नाही.

यावरचा उपाय मला या सगळ्या शिक्षणातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. डिझाइन करताना खाचेची रुंदी आकड्यात लिहायचीच नाही. 'फळीची जाडी वजा लेझरचा काप' असं लिहायचं. मग ते डिझाइन कुठेही गेलं तरी तिथला विद्यार्थी आपली जाडी आणि आपला काप भरतो आणि सगळ्या खाचा आपोआप त्याच्या मापाच्या होतात. पाठवायचं ते दोन मापांमधलं नातं. मापं ज्याची त्याने घ्यायची. आपल्या आया पाककृती सांगताना 'पीठ मावेल तेवढं' म्हणायच्या, ते अगदी हेच.

चूक लिहिण्याची सक्ती

फिजिक्सचं प्रॅक्टिकल आठवा. गुरुत्वाकर्षणाचं उत्तर ९.८ यायला हवं हे माहीत असायचं, म्हणून निरीक्षणं उलटी काढायची, पेन्सिलीने आलेख जुळवायचा, वर 'त्रुटी: लंबकाला वारा लागला' असं एक वाक्य. जर्नलला दहापैकी नऊ. आपल्या पिढ्यान्‌पिढ्या अशा सुबक खोट्या वह्या लिहून वर गेल्या.

फॅब अकॅडमीत प्रत्येकाचं स्वतःचं वेबपान असतं आणि ते कोणालाही बघता येतं. आठवडाभरात काय केलं ते तिथे फोटो आणि डिझाइनच्या फाइलींसह लिहायचं. काय जळलं, काय तुटलं, का तुटलं आणि मग काय केलं, हे लिहिल्याशिवाय आठवडा पुरा धरत नाहीत. ही पानं ज्या प्रणालीत साठवतात तिच्यात प्रत्येक बदल कोणी आणि कधी केला याची नोंद राहते, त्यामुळे शेवटच्या रात्री सगळं एकदम लिहून काढलं तर तेही दिसतं. मोबाइलवरचे आठ-आठ एमबीचे फोटो तसेच चढवले की बोलणी बसतात. फोटो लहान करून टाकणं हा अभ्यासाचाच भाग असतो. इंटरनेट सगळीकडे सारखं धावत नाही, हे त्यामागचं साधं शहाणपण.

बुधवारी व्याख्यानाआधी गेल्या आठवड्याची उजळणी होते. कोणाचं पान उघडायचं ते सोडतीने ठरतं. नाव निघालं की जगभरच्या सगळ्यांसमोर बोलावं लागतं. पोटात गोळा येतो, पण त्याचा एक फायदा असतो: बाकीचे शेकडो लोक दुसऱ्याच्या चुकीवरून शिकतात.

वर्षानुवर्षांची ही पानं जमत गेली आहेत. सर्किटवर प्रोग्रॅम चढत नाही म्हणून रात्री अकराला डोकं धरून बसलेल्या पोराला, पाच-सात वर्षांपूर्वी दुसऱ्या देशातल्या कोणी तरी नेमकी तीच चूक केल्याचं आणि ती कशी सुटली याचं पान सापडतं. सुबक वह्यांतून अशी मदत कधी कोणाला झाली नसती.

अजून एक शिस्त सांगण्यासारखी आहे. मोठ्या वस्तूचे सुटे भाग करत बसून शेवटच्या दिवशी जोडायचे नाहीत. आधी लहान, ओबडधोबड, पण चालणारी वस्तू करायची. पुढच्या फेरीत ती सुधारायची. भाकरी शिकणारी मुलगी आज पीठ, उद्या थापणं, परवा तवा असं शिकत नाही. पहिल्याच दिवशी नकाशासारखी का होईना, पण भाजलेली भाकरी ताटात पडते.

निदेशक

आता मुद्द्याचं. व्याख्यान चालू असताना लाइन तुटली तर फार बिघडत नाही. रेकॉर्डिंग नंतर बघता येतं. सोमवारी एखाद्या विषयावरची जोडबैठक असते, शनिवारी शंकांसाठी खुला वेळ. पण त्या त्या लॅबमधला निदेशक आठ दिवस आला नाही, तर सगळं थांबतं. लेझर कटर एकटा सोडून चहाला जाता येत नाही, प्लाय पेट घेतो. सोल्डरिंगचा जोड चांगला की 'थंड' हे पडद्यावरून सांगता येत नाही, बोटाने हलवून बघावं लागतं. आणि तिसऱ्यांदा बोर्ड जळल्यावर घरी निघालेल्या मुलाला 'बस, अजून एकदा करू' म्हणणारं माणूस त्याच खोलीत असावं लागतं.

म्हणून या वर्गाची रचना अशी: वर एक व्याख्याता, मधे दुसऱ्या देशातला तपासनीस, आणि विद्यार्थ्याच्या खांद्याशी स्थानिक निदेशक. हे निदेशक पुष्कळदा याच अभ्यासक्रमाचे जुने विद्यार्थी असतात. काम तपासताना स्थानिकाचा लोभ आड येऊ नये म्हणून बाहेरचा तपासनीस, आणि बाहेरच्याला परिस्थिती कळावी म्हणून स्थानिक. दोघांचं पटलं नाही तर चर्चा होते.

नुसतं साहित्य हवं असेल तर ते आपल्या दाराशी आहे. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागाने 'डीसोर्स' नावाने डिझाइनचे धडे आणि देशभरच्या कारागिरीच्या नोंदी सर्वांना मोफत खुल्या केल्या आहेत. उत्तम काम आहे. पण साहित्य म्हणजे वर्ग नव्हे. ग्रंथालय उघडलं म्हणून शाळा भरत नाही.

कलबागांना हे फार आधी उमगलं होतं. विज्ञान आश्रमाने माध्यमिक शाळांसाठी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय उभा केला. आठवी ते दहावी, आठवड्यातला एक पूर्ण दिवस, आणि चार विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य, शेती-पशुपालन. शिकवायला गावातलीच कसबी माणसं घेतली. मुलांनी केलेलं काम वर्गातल्या कपाटात न जाता गावाच्या उपयोगी पडायचं. कोणाची वायरिंग दुरुस्त व्हायची, कोणाच्या मातीची तपासणी. फाटक डुगडुगलं तर मास्तरांआधी घरमालकच सांगायचा. यापेक्षा कडक तपासनीस कुठून आणणार?

४९ दिवसांत १० लाख

जोडलेल्या कार्यशाळा काय करू शकतात याची एक परीक्षा २०२०च्या टाळेबंदीत झाली. मुंबईच्या 'मेकर्स असायलम' या कार्यशाळेने, जी पुढे गोव्यात मोइरा गावी गेली, डॉक्टरांसाठी चेहऱ्यावरची ढाल तयार केली. पारदर्शक पत्र्याला चिरा आणि घड्या, बस्स. डिझाइन सगळ्यांना खुलं केलं. ४२ शहरं-गावांतल्या कार्यशाळांनी ते आपापल्या यंत्रांवर उतरवलं आणि ४९ दिवसांत मिळून १० लाख ढाली केल्या. वाहतूक बंद होती, त्यामुळे वस्तू पाठवणं अवघड होतं. फाइल पाठवणं सोपं होतं. पण फाइल मिळाल्यावर तिचं काय करायचं हे कळणारी माणसं ४२ ठिकाणी आधीपासून होती, म्हणून ते जमलं.

भाषेचा उंबरठा

या जाळ्यात सगळंच गोड नाही. फॅब अकॅडमीचं शुल्क डॉलरमध्ये असतं आणि सामान्य घरातल्या मुलाला ते आर्थिक मदतीशिवाय झेपणारं नाही. शिवाय सगळा व्यवहार इंग्रजीतून. यंत्राला इंग्रजी लागत नाही, पण पान लिहायला आणि सोडतीत नाव निघाल्यावर बोलायला लागते. ज्या मुलाने अप्रतिम साचा ओतला तोच माइक समोर आल्यावर गप्प होतो, आणि ऐकणाऱ्यांना वाटतं याला काही येत नाही.

माझं मत विचाराल तर नोंद आधी मराठीत व्हावी. 'काप थोडा जास्त बसला', 'बोर्ड करपला', 'खाच सैल पडली' असं लिहायला मुलाला दोन मिनिटं लागतात आणि त्यात खरं तेच उतरतं. इंग्रजी मागून करता येतं, आता तर यंत्रंही करून देतात. इंग्रजीत लिहायला लावलं की पोरं चूक गाळतात, कारण चूक सांगायला शब्द जास्त लागतात.

खोलीची किल्ली

नीती आयोगाने २०१६पासून शाळांमध्ये अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी वस्तू करून बघायच्या कार्यशाळा, द्यायला सुरुवात केली. दहा हजारांहून जास्त लॅब झाल्या आहेत. एका लॅबसाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. २०२५च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी ५० हजार लॅब उघडण्याची घोषणा झाली. संख्येच्या हिशोबाने जगातलं फॅब लॅबचं सगळं जाळं यापुढे लहान आहे.

अशा काही लॅब फार छान चालतात. पण एका तालुक्याच्या गावी पाहिलेली खोली डोळ्यांसमोरून जात नाही. थ्रीडी प्रिंटरवर भरतकाम केलेला रुमाल टाकलेला, बाजूला पाहुण्यांना दाखवायचे दोन तयार रोबो, आणि खोलीची किल्ली प्रयोगशाळा सहायकाकडे. सहायक निवडणुकीच्या ड्युटीवर. ज्या बाईंनी प्रशिक्षण घेतलं होतं त्यांची बदली झालेली. मुलांची वही विचारली तर कोणालाच ठाऊक नव्हती. यंत्रांत काही खोट नव्हती, इंटरनेटही होतं. तीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या शाळेत तसाच प्रिंटर आहे आणि तो बंद पडलाय, हे मात्र या शाळेला माहीत नव्हतं.

तुमच्या गावच्या शाळेत अशी लॅब असेल तर एकदा जाऊन बघा. आठवड्यातले किती तास ती उघडी असते ते विचारा. निदेशक कोण, आणि तो किती वर्षं त्याच कामावर आहे, हेही विचारा. मग गेल्या वर्षीच्या मुलांच्या नोंदी मागा, आणि वही हातात आलीच तर तिच्यात एखादा करपलेला बोर्ड, एखादी सैल खाच सापडते का ते बघा.